ॲडव्हान्स्ड एपिडेमिऑलॉजी शिकायला कुठून सुरुवात करू? विषय द्राक्षबागेतल्या मजुरांचा

मखमलाबाद_निशा

नमस्कार मंडळी,

बीएएमएस करून मी एमपीएचला (पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला) आले, पहिलं वर्ष संपलं. इन्सिडन्स, प्रिव्हलन्स, केस कंट्रोल, कोहोर्ट, कायस्क्वेअर हे सगळं झालं आणि मनापासून आवडलंही. आता दुसऱ्या वर्षाला ॲडव्हान्स्ड मेथड्सचा पेपर आहे. त्यात डॅग (कशामुळे काय होतं ते बाणांनी दाखवणारी आकृती), प्रोपेन्सिटी स्कोअर (कोण कुठल्या गटात जाण्याची शक्यता), मल्टिलेव्हल मॉडेल, मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेल, मिसिंग डेटा असं एकापाठोपाठ एक आहे, शिकवायला एकच सर आणि तेही व्हिजिटिंग, त्यामुळे बरंचसं घरीच वाचावं लागणार.

थिसिसचा विषय मी ठरवलाय, दिंडोरी निफाड पट्ट्यात द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्या मजुरांवर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो. आमची स्वतःची पण दिंडोरी तालुक्यात थोडी बाग आहे, लहानपणापासून फवारणीच्या ब्लोअरच्या मागचा तो वास माहितीये, त्यामुळे विषय बदलायचा नाहीये. गाइड म्हणतात सीझनमध्ये बागांवर जा, 200 मजूर घे, प्रश्नावली भर, एकदा रक्त घेऊन कोलिनेस्टेरेज (काही कीटकनाशकांनी कमी होणारं रक्तातलं एन्झाइम) तपास, लॉजिस्टिक रिग्रेशन लाव, झालं. पण मला वाटतं एवढ्यावर "फवारणीमुळे झालं" असं म्हणता येणार नाही.

प्रश्न असे. गणित किती लागेल? आर शिकू का स्टाटा? हे सगळे टॉपिक कुठल्या क्रमाने वाचू? आणि माझ्या विषयात यातलं नेमकं काय कामाला येईल? सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

पीएसएम_रेसिडेंट_आडगाव

निशा ताई, आधी बीसीबीआर करून टाका. बायोमेडिकल रिसर्चचा तो बेसिक कोर्स चेन्नईची एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी) ऑनलाइन घेते, आम्हा मेडिकल पीजीवाल्यांना तर कंपल्सरीच आहे. त्याने ॲडव्हान्स्ड काही येत नाही पण सॅम्पल साइज, एथिक्स, प्रोटोकॉल कसा लिहायचा ही घडी बसते. आणि एथिक्स कमिटीचं काम आत्ताच सुरू करा, रक्त घेणार असाल तर जास्त प्रश्न येतात, मजुरांना समजेल अशा मराठीत कन्सेंट फॉर्म लागतो, आणि तुमचे बरेच मजूर कोकणा आणि वारली असतील तर नुसता कागद वाचून दाखवून भागत नाही, त्यांच्या बोलीत सांगणारं माणूस सोबत लागतं.

सिन्नरचा_स्टॅट

मी मेडिकल कॉलेजात बायोस्टॅटचं काम बघतो, दर वर्षी असे सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) हातात येतात म्हणून जरा लांब लिहितो.

गणिताचं आधी. बारावी सायन्सचं लॉग, डेरिव्हेटिव्ह आणि कंडिशनल प्रोबॅबिलिटी एवढं परत एकदा पक्कं करा. मॅट्रिक्सचा गुणाकार समजला की रिग्रेशनची पुस्तकं वाचता येतात, आणि लाइकलिहूड म्हणजे काय हे एकदा कागदावर स्वतः काढून बघा, साधं दहा नाण्यांचं उदाहरण घेऊन. याच्या पुढचं गणित मेथड्स वापरणाऱ्याला रोज लागत नाही, मेथड्स बनवणाऱ्याला लागतं.

सॉफ्टवेअर आर घ्या. फुकट आहे, उद्या कॉलेजचं लायसन्स गेलं तरी अडणार नाही. फॉर्म मोबाइलवर भरायला कोबो किंवा ओडीके, तेही फुकट.

आता लॉजिस्टिक. क्रॉस सेक्शनल, म्हणजे एकाच वेळी सगळं मोजणारा, सर्व्हे केला की सगळे डोळे मिटून लॉजिस्टिक लावतात आणि ऑड्स रेशो आला की त्याला "इतक्या पट धोका" म्हणतात. समजा फवारणीशी संबंध असलेल्यांत 60 टक्के लोकांना डोकेदुखी आहे आणि बाकीच्यांत 40 टक्के. खरं गुणोत्तर 1.5. ऑड्स रेशो किती येईल? ऑड्स म्हणजे त्रास असलेले भागिले त्रास नसलेले, तर पहिल्या गटात 60 भागिले 40 म्हणजे 1.5, दुसऱ्यात 40 भागिले 60 म्हणजे 0.67, दोन्हींचा भागाकार 2.25. आजार दुर्मिळ असला की दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात, पण डोकेदुखी, थकवा, डोळे चुरचुरणं असल्या गोष्टी दुर्मिळ नसतात. तिथे रोबस्ट एररचं पॉयसन रिग्रेशन वापरा, 2004 पासून ते रूढ झालंय, आरमध्ये दोन ओळींचं काम आहे, सरळ प्रिव्हलन्स रेशो, म्हणजे वरचं खरं गुणोत्तर, मिळतो.

पण हे सगळं नंतरचं. तुमचा प्रश्नच अजून मोकळा आहे. "कीटकनाशकांचा परिणाम" म्हणजे कुठलं कीटकनाशक, कशावर परिणाम, किती दिवसांत, आणि कोणाच्या तुलनेत? ही चार उत्तरं लिहिल्याशिवाय कुठलं मॉडेल लावायचं हे कोणीच सांगू शकणार नाही.

ओझर_ते_रॉटरडॅम

सिन्नरवाल्या सरांना पूर्ण अनुमोदन. मी मूळची ओझरची, सध्या इथे रॉटरडॅमला पीएचडी करतेय. क्रम विचारलास ना निशा, माझ्या मते सगळ्यात आधी डॅग. डॅगिटी नावाची फुकट साइट आहे, तिथे बाण काढून बघता येतात, आणि एडएक्सवर हार्वर्डचा कॉझल डायग्रामचा कोर्स आहे तो जरूर कर. त्यानंतर हर्नान आणि रॉबिन्स यांचं कॉझल इन्फरन्सचं पुस्तक, नेटवर लेखकांनीच मोफत ठेवलंय, त्यातला पहिला भाग आधी वाच, त्यात मॉडेल जवळजवळ नाहीतच, फक्त विचार कसा करायचा ते आहे. प्रोपेन्सिटी स्कोअर आणि मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेल त्यानंतर आपोआप सोपं वाटतं, कारण ते कशासाठी आणलं हे कळलेलं असतं.

एक गोष्ट सविस्तर सांगते कारण याच्यावरून मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला. अमेरिकेत 1976 मध्ये नर्सेसचा एक प्रचंड कोहोर्ट सुरू झाला, सव्वा लाखाच्या आसपास नर्सेस. त्यातून दिसलं की पाळी गेल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार साधारण 40 टक्के कमी होतो. वर्षानुवर्षं डॉक्टर या गोळ्या देत राहिले. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हची ट्रायल झाली, एकत्रित हॉर्मोनच्या भागात 16608 बायका, आणि जुलै 2002 मध्ये ती वेळेआधी थांबवावी लागली, कारण फायदा राहिला बाजूला, हृदयविकार गोळी घेणाऱ्या गटात जास्त, हॅझर्ड रेशो 1.29, म्हणजे धोका साधारण 29 टक्के जास्त.

सगळे म्हणाले की निरीक्षणाच्या अभ्यासांवर विश्वासच ठेवू नका, कन्फाउंडिंग असतं, म्हणजे तिसऱ्याच कारणाने फरक दिसतो, गोळी घेणाऱ्या बायका सुशिक्षित आणि तब्येतीला जपणाऱ्या होत्या. ते थोडंफार खरं होतं. पण 2008 मध्ये हर्नान आणि सहकाऱ्यांनी त्याच नर्सेसचा डेटा परत घेतला आणि ट्रायलमध्ये जसं करतात तसंच केलं, म्हणजे जी बाई गोळी *नव्याने सुरू करते* तिथपासून घड्याळ चालू. आधीच्या विश्लेषणात "सध्या गोळी घेणारी" असा गट होता. त्यात कोण असणार? जी घेतेय आणि जिला अजून काही झालेलं नाही ती. सुरुवातीच्या महिन्यांत जिला ॲटॅक आला ती त्या गटात पुरेशी मोजलीच गेली नव्हती. घड्याळ नीट लावल्यावर निरीक्षणाचा आकडा ट्रायलच्या जवळ आला. डेटा तोच, नर्सेस त्याच.

याला टार्गेट ट्रायल म्हणतात. आपण करू शकलो असतो तर कोणती ट्रायल केली असती ते आधी कागदावर लिहायचं, कोणाला घेतलं असतं, कोणाची कोणाशी तुलना, घड्याळ कधी सुरू, निकाल कोणता, कधीपर्यंत बघायचं. मग आपला डेटा त्याच्या किती जवळ जातो ते बघायचं.

आता तुझं बघ. सीझनमध्ये बागेवर जाऊन तू 200 जण घेणार. ते कोण आहेत? जे फवारणी करतात *आणि अजून टिकून आहेत* ते. ज्याला मागच्या वर्षी त्रास झाला तो यंदा आलाच नसेल, किंवा फवारणी सोडून बांधकामावर नाशिकला गेला असेल. तुझ्या सॅम्पलमध्ये फवारणी करणारेच जास्त ठणठणीत निघायची शक्यता आहे. हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात तो हाच, आणि तो रिग्रेशनमध्ये वय, लिंग, शिक्षण घालून जात नाही.

मखमलाबाद_निशा

बापरे, हे मी वाचलं होतं पण माझ्या विषयाशी असं जोडलंच नव्हतं. म्हणजे मग हॉस्पिटलमधून घेऊ का केसेस? सिव्हिलला विषबाधेचे पेशंट येतात.

सिन्नरचा_स्टॅट

तिथे दुसरी अडचण. बर्कसनने 1946 मध्येच दाखवलंय की दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसला तरी नुसत्या ॲडमिट झालेल्यांत त्यांचा संबंध दिसू शकतो, कारण दोन्हीमुळे माणूस ॲडमिट होतो. डॅगमध्ये याला कोलायडर म्हणतात. ॲडमिट होणं हा कोलायडर आहे, आणि बागेवर कामाला असणं हाही एक कोलायडरच, कारण तब्येत आणि गरज दोन्ही त्यात येऊन मिळतात. शिवाय सिव्हिलला येणारी विषबाधा बऱ्याचदा मुद्दाम पिऊन घेतलेली असते, तो पूर्ण वेगळा आणि फार दुःखद प्रश्न आहे, त्याची सरमिसळ कामावरच्या एक्स्पोजरशी, म्हणजे काम करताना अंगावर येणाऱ्या औषधाशी, अजिबात करू नका.

निफाडचा_बागायतदार

मी डॉक्टर नाही, पण विषय आमच्या शिवारातला आहे म्हणून बोलतो. ताई, तुम्ही "फवारणी करणारे मजूर" म्हणताय, पण आमच्याकडे ब्लोअर मालक स्वतः चालवतो किंवा त्याचा पोरगा, नाहीतर कायमचा ट्रॅक्टरवाला. बाहेरून येणाऱ्या टोळ्या फवारणी करतच नाहीत. त्या छाटणीनंतर काडीला पेस्ट लावतात, मग फेलफूट काढणं, थिनिंग (मणी विरळ करणं), डिपिंग (घड औषधात बुडवणं), पानं काढणं. पेस्ट म्हणजे हायड्रोजन सायनामाइड, डोळा एकसारखा फुटावा म्हणून गोडी छाटणीनंतर लावतात, आणि त्याने हाताची कातडी जळते, त्यात संध्याकाळी कोणी दारू घेतली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, हे प्रत्येक गावात माहितीये, मुकादम आधीच बजावून ठेवतो.

दुसरं, सगळ्यात जास्त अंगावर कोणाच्या येतं तर जो ड्रममध्ये औषध कालवतो त्याच्या. पुडी फोडताना, बाटली ओतताना, हाताने ढवळताना. ब्लोअर चालवणारा निदान पुढे असतो.

तिसरं, आम्ही मारतो त्यात जास्त करून बुरशीनाशकं, डाऊनी, भुरी, करपा यांची. कीटकनाशक त्यामानाने कमी, मिलीबग किंवा थ्रिप्स आला तर. एक्स्पोर्टच्या प्लॉटला तर ग्रेपनेटखाली (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी व्यवस्था) नोंदणी असते, कधी काय मारलं याची रोजच्या रोज डायरी ठेवावी लागते, त्या डायऱ्या मागा, लोक दाखवतील. लोकल मार्केटच्या बागेला डायरी असेलच असं नाही.

ओझर_ते_रॉटरडॅम

दादा, तुमची ही एक पोस्ट आमच्या एका अख्ख्या चॅप्टरच्या बरोबरीची आहे, मनापासून सांगते.

निशा, यावरून तीन गोष्टी बदलतात. एक, कोलिनेस्टेरेज ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातल्या कीटकनाशकांनी खाली येतं. मँकोझेबसारख्या बुरशीनाशकाने ते पडत नाही, मँकोझेबचा अंश शरीरात गेला की ईटीयू नावाचं रसायन तयार होतं, ते लघवीत मोजतात आणि काळजी असते ती थायरॉइडची. म्हणजे बागेत मुख्यतः बुरशीनाशक मारलं जात असेल आणि तू कोलिनेस्टेरेज नॉर्मल आलं म्हणून "परिणाम नाही" लिहिलंस, तर ते पूर्ण चुकीचं चित्र जाईल.

दोन, "औषध मारता का, हो किंवा नाही" या प्रश्नाने काही हाती लागणार नाही. काम विचार. कालवणारा, ब्लोअरवाला, पेस्ट लावणारी, फवारणीनंतर त्याच दिवशी बागेत शिरणारी, दोन दिवसांनी शिरणारी. बायकांचं एक्स्पोजर जवळजवळ सगळं या शिरण्यातून येतं, ओल्या पानांना हात लागून, आणि "फवारणी करता का" म्हटलं की त्या नाही म्हणणार आणि तुझ्या कंट्रोल गटात जाऊन बसणार. मग दोन्ही गटांतला फरक पुसला जातो.

तीन, डायरी सोनं आहे, पण डायरी असलेल्या बागा एक्स्पोर्टच्या, तिथे नियम कडक, हातमोजे जास्त मिळतात. फक्त तिथूनच मजूर घेतलेस तर निकाल बाकीच्या बागांना लावता येणार नाही. दोन्ही प्रकारच्या बागा घे आणि वेगळं वेगळं दाखव.

निवृत्त_आरोग्य_सहाय्यक

सगळं वाचलं. चाळीस उन्हाळे आरोग्य खात्यात काढलेला माणूस म्हणून माझं मत थोडं वेगळं आहे. मॉडेलं शिका, पण मला राहून राहून वाटतं की आपल्याकडे साधी मोजणीच धड होत नाही. गावात किती बायकांच्या हाताला पेस्टने जखमा झाल्या हा साधा आकडा कोणाकडे आहे? तो नीट मोजला आणि ग्रामपंचायतीत वाचून दाखवला तरी पुढच्या छाटणीला हातमोजे येतील. प्लेगच्या वेळी हाफकिनने 1897 मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात लस टोचली तेव्हा त्याच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर होतं? टोचलेले किती, न टोचलेले किती, आजारी किती, एवढंच.

सिन्नरचा_स्टॅट

काका, हाफकिनचंच उदाहरण घेऊ. तुरुंगात लस स्वखुशीने घेणाऱ्यांना दिली, मग प्रश्न उरतोच की पुढे आलेले आणि मागे राहिलेले मुळात सारखे होते का. लगेच पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, बडोदा संस्थानात उंधेरा गावी त्याने काय केलं तर प्रत्येक घरातली निम्मी माणसं टोचली आणि निम्मी ठेवली, म्हणजे घर तेच, उंदीर तेच, अन्नपाणी तेच. तुलना कोणाशी करायची याचा विचार त्याने सॉफ्टवेअरशिवायच केला. ॲडव्हान्स्ड मेथड्समध्ये आम्ही शिकवतो ते हेच, मॉडेल त्याच्या मागून येतं. तुमचा साध्या मोजणीचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, निशाताईंच्या थिसिसचं पहिलं टेबल तेच असावं.

निवृत्त_आरोग्य_सहाय्यक

हे पटलं. मग टीबीचं पण सांगा, आमच्याकडे एकजण अहवाल घेऊन आला होता की निक्षय पोषणचे (टीबी पेशंटला आहारासाठी मिळणारे सरकारी पैसे) तीन हप्ते मिळालेले पेशंट कमी दगावतात. 500 रुपये महिना होते ते, 2018 पासून, आता 1000 झालेत. मला तेव्हाच खटकलं होतं पण नेमकं काय ते बोलता आलं नाही.

ओझर_ते_रॉटरडॅम

काका, तुम्हाला खटकलं ते बरोबरच. तीन हप्ते मिळायला माणूस तेवढे महिने जिवंत असावा लागतो! पहिल्याच महिन्यात गेलेला पेशंट "तीन हप्ते" गटात येऊच शकत नाही, तो आपोआप "न मिळालेल्यां"त मोजला जातो. इम्मॉर्टल टाइम बायस. पोषणाचा फायदा नाही असं याचा अर्थ नाही हं, झारखंडमध्ये रेशन्स नावाची ट्रायल झाली, 2023 मध्ये आली, चार जिल्हे, 2800 पेशंट आणि त्यांच्या घरचे 10345 जण, त्यात घरच्यांना जास्तीचं धान्य दिल्यावर त्यांच्यातला नवा टीबी 39 टक्क्यांनी घटला, फुफ्फुसाचा संसर्गजन्य टीबी 48 टक्क्यांनी. फायदा खरा आहे, फक्त हप्त्यांच्या त्या अहवालातून तो सिद्ध होत नाही. रजिस्टरवरून काम करायचं तर निदानाच्या दिवसापासून घड्याळ लावायचं आणि हप्ता मिळाला त्या दिवशी माणसाचा गट बदलायचा.

पेठची_कार्यकर्ती

मी पेठ सुरगाणा भागात स्थलांतरावर काम करते. निशाताई, तुम्ही मजुरांना बागेत शोधताय, पण ती माणसं आधी इथे आमच्याकडे असतात ना. पावसाळ्यात भात लावणी, नागली, वरई, सगळे घरी. मग पीक काढून झालं की खाली उतरतात, गिरणाऱ्याला मजूर अड्ड्यावर उभे राहतात किंवा ठरलेल्या मालकाकडे जोडीने जातात. कोण जाणार, कोण यंदा नाही जाणार, का नाही जाणार, हे गावात बसलं की तासाभरात कळतं. मागच्या वर्षी चक्कर येऊन पडली म्हणून यंदा न जाणारी बाई तुम्हाला बागेत कधीच भेटणार नाही, गावात भेटेल.

फक्त एक लक्षात ठेवा, काही जण द्राक्षाच्या आधी टोमॅटोला जातात, तिथेही फवारणी असतेच. आणि मजुरी बुडवून कोणी रक्त द्यायला येणार नाही, पहाटे किंवा रात्री या. तपासणीचा रिपोर्ट प्रत्येकाला परत द्या, समजावून द्या. आमच्याकडे रक्त घेऊन गेलेले खूप आहेत, परत येऊन सांगणारे कमी.

सिन्नरचा_स्टॅट

ताई, तुमच्या एका सूचनेने आख्खं डिझाइन सुटलं. गावात, उतरण्याआधी नोंदणी. म्हणजे घड्याळ एक्स्पोजरच्या आधी सुरू होतं, जो जाणार नाही तोही यादीत, जो अर्ध्यात परत येईल तोही यादीत, आणि हेल्दी वर्कर इफेक्टला बराच आळा बसतो.

शिवाय कोलिनेस्टेरेजचं हे बघा. माणसामाणसांत त्याची नॉर्मल पातळीच इतकी वेगळी असते की एकदाच घेतलेल्या नमुन्यावरून फारसं कळत नाही. एखाद्याचं मूळचं जास्त असेल तर बरंच पडूनही रिपोर्टवर "नॉर्मल" येईल. म्हणून स्वतःच्याच आधीच्या पातळीशी तुलना करतात. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी तसा नियमच आहे, लाल पेशींमधलं एन्झाइम मूळच्या 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मामधलं 60 टक्क्यांवर आलं की त्या माणसाला फवारणीपासून दूर ठेवतात, आणि 80 टक्क्यांवर आलं की कामाची पद्धत तपासतात. प्लाझ्मावालं लवकर भरून येतं आणि लिव्हर खराब असेल तरी कमी दिसतं, त्यामुळे दारूचं नीट विचारा. लाल पेशींचं सावकाश भरतं कारण पेशी नव्या यायला वेळ लागतो, साधारण 120 दिवस. जमलं तर दोन्ही करा, एकच करायचं तर लाल पेशींचं. नमुना बर्फात ठेवून नाशिकला आणायचा.

सॅम्पल साइज मोजताना आणखी एक. एका गावची, एका टोळीची माणसं एकाच बागेत एकच काम करतात, त्यांची उत्तरं सारखी येणार. डिझाइन इफेक्ट काढायचा, 1 अधिक कंसात गटातली माणसं वजा 1, गुणिले आयसीसी (एका गटातली माणसं एकमेकांशी किती सारखी याचं माप). एका गावातून 20 जण आणि आयसीसी 0.05 धरली तर 1.95. म्हणजे 400 माणसं घेतलीत तरी माहिती साधारण 205 जणांएवढीच. म्हणून एका गावातून खूप माणसं घेण्यापेक्षा जास्त गावं, प्रत्येकातून थोडी. मल्टिलेव्हल मॉडेल तुमच्या सिलॅबसमध्ये आहे ते याच्यासाठीच.

पीएसएम_रेसिडेंट_आडगाव

एवढं सगळं दोन वर्षांच्या कोर्समध्ये बसेल का पण? फॉलोअपला माणसं सापडली नाहीत तर?

ओझर_ते_रॉटरडॅम

बसेल, एकच सीझन आणि दोनच भेटी ठेवल्या तर. सुटलेल्यांचं असं, सुटलेले आणि राहिलेले यांची पहिल्या भेटीतली माहिती आपल्याकडे असतेच, त्यावरून कोण सुटण्याची शक्यता किती हे मॉडेल करून राहिलेल्यांना वजन द्यायचं. इन्व्हर्स प्रोबॅबिलिटी वेटिंग. मार्जिनल स्ट्रक्चरल मॉडेलमध्येही वजनाचीच युक्ती आहे, तिथे ती अशा कन्फाउंडरसाठी लागते जो आधीच्या एक्स्पोजरमुळे स्वतःच बदलतो. उदाहरण तुझंच, त्रास झाला म्हणून बाई कालवायचं काम सोडून थिनिंगला गेली, तो त्रास आधीच्या कामाचा परिणाम पण आणि पुढच्या कामाचं कारण पण. साधं रिग्रेशन इथे अडतं, रॉबिन्सनी 1986 पासून यावरच काम केलंय. दोन भेटींत तुला ते लावावं लागणार नाही, पण पेपरात हे उदाहरण लिही, परीक्षकाला कळेल की समजून लिहिलंय.

आणि जे मोजलंच नाही त्याच्यासाठी ई व्हॅल्यू दे. रिस्क रेशो 2 आला तर ई व्हॅल्यू 3.41, म्हणजे न मोजलेल्या कन्फाउंडरचा एक्स्पोजरशी आणि आजाराशी, दोन्हीकडे निदान 3.41 पट संबंध असेल तरच तुझा निकाल पूर्ण पुसला जाईल. वाचणाऱ्याला मग स्वतः ठरवता येतं.

मखमलाबाद_निशा

सगळ्यांचे मनापासून आभार. गाइडशी आज बोलले. डायरीचा आणि गावातून नोंदणीचा मुद्दा त्यांना लगेच पटला, दोन भेटींचा खर्च बघू म्हणाले. आता असं ठरतंय.

प्रश्न: पेठ आणि दिंडोरीतल्या आदिवासी गावांतून द्राक्षाच्या कामाला उतरणाऱ्या प्रौढांमध्ये, ज्यांना फवारणीच्या दिवशीच बागेत शिरावं लागतं त्यांच्या लाल पेशींतल्या कोलिनेस्टेरेजमध्ये, दोन दिवसांनी शिरणाऱ्यांच्या तुलनेत, गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत किती घट होते. सोबत हाताच्या जखमांची साधी मोजणी, बाया आणि पुरुष वेगळे, काकांनी सांगितल्याप्रमाणे. मालक आणि ट्रॅक्टरवाले यांचा गट वेगळा, निफाडमधून, त्यांना या तुलनेत मिसळणार नाही. कुठल्या प्लॉटवर ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट मारलं ते डायरीवरून आणि जिथे डायरी नाही तिथे रिकाम्या बाटल्यांच्या लेबलवरून नोंदवणार. ईटीयूची तपासणी सगळ्यांची परवडणार नाही, थोड्या जणांच्या लघवीचे नमुने घेऊन ठेवता येतात का ते बघतेय.

पेठच्या ताई, भात लावणी चालू असताना आले तर चालेल का, की थोडं थांबू?

पेठची_कार्यकर्ती

लावणीच्या आठवड्यात नको, कोणाला मान वर करायला फुरसत नसते. लावणी उरकून निंदणी सुरू झाली की या, संध्याकाळी सगळे घरी असतात. आधी एकदा नुसत्याच या, रक्ताची पेटी न आणता, आशा ताई आणि पोलीस पाटलांना भेटू, ग्रामसभेत विषय मांडू. टोमॅटोला जाणारे पोळ्याच्या आसपास निघायला लागतात, त्यामुळे पहिला नमुना त्याच्या आत झाला पाहिजे.

निफाडचा_बागायतदार

आमच्या गटातल्या काही जणांच्या डायऱ्या मी गोळा करून ठेवतो, एक्स्पोर्ट आणि लोकल दोन्ही. आणि छाटणीच्या तारखा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात ताई, कोणाची अर्ली सप्टेंबरातच, कोणाची दिवाळीच्या तोंडाला, तर दुसऱ्या नमुन्याची तारीख कॅलेंडरवरून न धरता त्या त्या प्लॉटच्या छाटणीपासून दिवस मोजून धरा.

सिन्नरचा_स्टॅट

अगदी बरोबर, आणि प्रत्येक नमुन्यासमोर शेवटची फवारणी होऊन किती दिवस झाले तोही रकाना ठेवा. निशाताई, सिनॉप्सिसचा ड्राफ्ट झाला की पाठवा, सॅम्पल साइज एकत्र बसून काढू.